परत कधी जाणार?

रात्री तुझा फोन ठेवला आणि झोप लागेना, म्हणून लिहितोय. 2023 च्या दरडीतून वाचलेल्या इर्शाळवाडीच्या लोकांना दिलेल्या कंटेनरमध्ये चार तास बसलीस, कुणी काही बोललं नाही, कोरा चहा पिऊन आलीस आणि आता विचारतेस, "सर, मी तिथे नेमकं केलं काय?" चहा प्यायलीस. पुष्कळ झालं. आता सांग, परत कधी जाणार?

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं झोपली होती; दगडमातीच्या जाडजूड भिंतींखाली हजारो गेली. मी पंचविशीचा, हातात प्रश्नावली. पत्र्याच्या शेडपुढे एक बाई मदतीत आलेला तांदूळ निवडत होती. (भाकरी खाणाऱ्या मुलखाला तांदूळ! असो.) मी विचारलं, झोप लागते का? दचकून जाग येते का? सुपातली नजर न काढता ती म्हणाली, "तुमी कितवे?"

मी फॉर्म पुरा भरला. निघताना 'पुढच्या महिन्यात येतो' म्हणालो. गेलो सहा वर्षांनी.

कारणं होती. संस्थेचे पैसे संपले, आई अंथरुणाला खिळली, नोकरी नवी. कुणी विचारलं तर आजही हीच सांगतो, आणि ती खोटी नाहीत. पण एसटी रोज जात होती.

म्हणून 'त्यांना बोलतं कसं करू' हे माझ्यापुढे काढू नकोस. बोलतं करायचंच नाहीये. एका बैठकीत सगळं वदवून घेतलं की मन मोकळं होतं, हा समज आपल्याच मानसशास्त्रानं केव्हाच मोडीत काढलाय. जागतिक आरोग्य संघटनेची 2011 ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका तुला पाठ आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. जोडून द्या म्हणजे काय वाटलं तुला? वारस दाखल्यासाठी म्हाताऱ्याबरोबर तलाठ्याकडे बसणं. महिनोन् महिने झोप उडालेल्या बाईला सरकारी दवाखान्यापर्यंत नेणं आणि गोळ्या चालू आहेत ना, हे पुन्हा बघणं. यातलं एका खेपेत काय होतं? परत जावं लागतं, बाई.

इर्शाळवाडीत 27 मृतदेह मिळाले. 57 माणसं सापडलीच नाहीत, शोध थांबवावा लागला. ज्याचं माणूस अजून त्या डोंगराच्या मातीत आहे, त्यानं पहिल्या भेटीत तुझ्याशी काय बोलावं अशी तुझी अपेक्षा होती?

चिडलो, खरं आहे. तुझ्यावर कमी.

क्लिनिकची नोकरी खुशाल घे. पगार लागतोच, फकिरीचं कौतुक मला नाही. फक्त महिन्यातला एक दिवस आधीच सांगून मोकळी हो, आणि तिथे 'येते' म्हणायचं ते तारीख सांगूनच म्हण. पावसाळ्यात एखादा मुक्काम कर. रात्री पत्र्यावर जोराची सर आली की कोण उठून बसतं, ते दिवसा कळत नाही.

आणि या खेपेला चहापत्ती-साखर घेऊन जा. त्यांचाच किती पिशील?