उन्हाळ्यासाठी सुती टॉप आणि जुन्या साड्यांची गोधडी घरी शिवायची असल्यास सुरुवात कशी करावी?

आपण विचारले आहे की घरी पायाने चालवायचे शिलाई मशीन आहे, सरळ टीप मारता येते, उन्हाळ्यात घालायला दोन सैल टॉप शिवायचे आहेत आणि कपाटातल्या जुन्या सुती साड्यांची गोधडीही करायची आहे. तर आधी काय हाती घ्यावे आणि कापड किती लागेल? मी परभणीची आहे आणि ही दोन्ही कामे घरीच करते. माझे मत असे की ती वेगवेगळी धरूच नयेत. आधी टॉप शिवावेत, पण ते बेततानाच गोधडी डोळ्यांपुढे ठेवावी, म्हणजे उरलेले कापड वेड्यावाकड्या चिंध्यांच्या रूपात न उरता सरळ पट्ट्यांच्या रूपात हाती येते.

कापड शुद्ध सुतीच घ्यावे, याबाबतीत मी तडजोड करत नाही. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. अशा हवेत सुती कापड घाम शोषून घेते आणि तो कापडातून उडून जाताना अंगाला गारवा देतो, तर पॉलिस्टर घाम फारसा शोषत नाही आणि अंगाला चिकटते. दुकानदार ‘कॉटन’ म्हणून देतो त्यात पुष्कळदा भेसळ असते. कडेचा एक धागा काढून जाळून पाहावा: सुती धागा कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते, पॉलिस्टर मात्र वितळून टोकाला कडक गाठ धरते. मलमल सर्वांत गार खरी, पण ती कात्रीखाली सरकते, म्हणून पहिल्या टॉपसाठी कॅम्ब्रिक, म्हणजे जरा घट्ट विणीचे सुती कापड, बरे. खादी भांडारातली पातळ खादीही उत्तम. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वजासाठी ओळखली जाते, तेव्हा आपल्या भागात खादी शोधायला लांब जावे लागत नाही. खादीचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मात्र बरेचदा ३६ इंचांचा असतो. त्यात टॉप बसतो, पण गोधडीसाठी फारसे उरत नाही.

कापड आणल्यावर रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच बेतावे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. दीड मीटरमागे दोन इंच सहज जातात. गडद लाल किंवा निळ्या रंगाचे कापड वेगळे भिजवावे आणि ओले असताना त्यावर पांढरा फडका घासून पाहावा. रंग फडक्यावर उतरत असेल, तर ते कापड टॉपला चालेल, पण फिक्या साड्यांच्या गोधडीत घालू नये.

आता बेतणी. नवशिक्याने वेगळी बाही जोडण्याच्या खटपटीत पडू नये. अंगासकट कापलेली अखंड बाही सर्वांत सोपी आणि उन्हाळ्यात सर्वांत मोकळी असते. ४४ इंच पन्ह्याचे दीड मीटर कापड पुरते. प्रथम किनारीवर किनार ठेवून उभी घडी घालावी, मग तीच घडी आडवी दुमडावी, म्हणजे चार पदर होतात. मधली उभी घडी डावीकडे आणि खांद्याची घडी वर ठेवावी. छाती ३६ इंच असल्यास सैलपणासाठी ६ इंच मिळवून ४२ होतात, त्यांचा चौथा भाग साडेदहा, आणि शिवणीसाठी पाऊण इंच धरून सव्वा अकरा इंचांवर खडूने उभी रेघ मारावी. खांद्याच्या घडीवर मध्यापासून १३ इंचांवर बाहीचे टोक, तेथून खाली ८ इंच बाहीची रुंदी, आणि काखेत कोन न काढता सैल वळण द्यावे. काखेत टोकदार कोन ठेवला की हात वर करताना नेमका तिथेच कापडावर ताण येतो आणि ते उसवते. एकाच दिशेने वर जाणारी वेलबुट्टी असेल, तर मात्र खांद्यावर कापड अखंड ठेवू नये, कारण पाठीवरची फुले उलटी येतात. तेव्हा पुढचा आणि मागचा भाग वेगळा कापून खांद्यावर जोडावा.

गळा शेवटी कापावा, आणि तो आडवी घडी उलगडून, कारण पुढची व मागची खोली सारखी नसते. मध्यापासून ३ इंच रुंदी, पुढे ६ आणि मागे २ इंच खोली ठेवली की गळ्याचा घेर साधारण २२ इंच होतो. आपल्या डोक्याचा घेर टेपने मोजावा आणि तो जास्त असेल तर पुढची खोली अर्धा इंच वाढवावी. गळ्याला सव्वा इंच रुंदीची उरेब, म्हणजे कापडावर तिरकी कापलेली, पट्टी लावावी. सरळ धाग्याची पट्टी वळणावर बसत नाही, तिला चुण्या पडतात. बाजूची शिवण घालताना कापडाच्या उलट बाजू समोरासमोर ठेवून पाव इंचावर टीप मारावी, कडा कातरून टॉप उलटवावा आणि तीच शिवण आतून पुन्हा एकदा मारावी. धागे आत बंद होतात, इंटरलॉकसाठी, म्हणजे कडा मशीनने गुंफून घेण्यासाठी, कुणाकडे जावे लागत नाही. मलमलीला ११ नंबरची सुई, कॅम्ब्रिकला १४ नंबरची.

या बेतणीत दोन्ही किनारींच्या बाजूला सात-आठ इंच रुंद, टॉपच्या दुप्पट लांबीच्या दोन पट्ट्या उरतात, आणि मला सर्वांत आनंद तिथेच होतो. किनार काढून टाकून त्यांचे साडेतीन इंचांचे चौकोन कापले, तर एका टॉपमधून पन्नासएक सहज निघतात. पाव-पाव इंच शिवणीत जाऊन प्रत्येक चौकोन ३ इंचांचा उरतो. पाच बाय सव्वासात फुटांच्या गोधडीला चौफेर काठ लावायला सुमारे शंभर चौकोन लागतात. म्हणजे आपले दोन टॉप झाले की काठ तयार.

गोधडीचे पोट साड्यांचे. येथे कापूस भरलेल्या रजईविषयी मी बोलत नाही, तिला पिंजाऱ्याकडे जावे लागते. आपली वाकळ म्हणजे कापडावर कापडाचे थर आणि आरपार धावदोरा. सहावारी साडी साडेपाच मीटरांच्या आसपास असते. तिचे दीड-दीड मीटरचे तीन तुकडे करावेत आणि उरलेल्या मीटरभरात विरलेला भाग काढून टाकावा. दोन तुकडे कडेला कड लावून जोडले, की पाच फूट बाय सव्वासात फुटांचा एक थर होतो, म्हणून दोन साड्यांत तीन थर बसतात. उन्हाळ्याच्या पहाटेला तीन थर पुरेत. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा कित्येकदा १० अंशांच्या खाली उतरतो, पण त्यासाठी सहा थरांची एकच जाड गोधडी करण्याऐवजी तीन थरांच्या दोन कराव्यात असे मी आग्रहाने सांगेन. जाड वाकळ ओली झाली की दोघींना पिळवत नाही, ती धुवायला पाणी फार लागते, आणि लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, अशा प्रदेशात आपण राहतो. वरचा थर ठसठशीत काठापदराच्या साडीचा घ्यावा, मधला सर्वांत मऊ व जुन्या साडीचा. सिंथेटिक साडी आत घालू नये. थर एकमेकांवरून घसरतात आणि गोधडी अंगाखाली तापते.

स्वच्छ फरशीवर थर एकावर एक ताणून पसरावेत, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवावे आणि मध्यापासून कडांकडे वितभर लांबीचे कच्चे टाके घालावेत. मग काठाचे चौकोन जोडून खरा धावदोरा सुरू करावा: कडेपासून बोटभर अंतर ठेवून गोधडीभोवती फिरत फिरत आत यावे, म्हणजे काठ आधी पक्का बसतो. दोरा जाड सुती असावा आणि एका वेळी हातभरच घ्यावा, लांब दोऱ्याला गुंता होतो. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, हवेच. मशीनवर १६ नंबरची सुई लावून हे काम लवकर उरकते, परंतु मशीनची टीप थरांना घट्ट दाबून धरते आणि हाताच्या धावदोऱ्याची गोधडी जशी अंगावर पडते तशी ती पडत नाही, म्हणून जोडणी मशीनवर आणि टाके हाताने, ही वाटणी मला योग्य वाटते. रोज दुपारी तासभर बसल्यास टाके पावसाळ्याआधी पूर्ण होतात.

पुढे दसरा काढताना ती कोमट पाण्यात थोडी साबणाची पूड टाकून भिजवावी, आपटू नये, आणि दोरीवर एकाच घडीत न टाकता दोन दोऱ्यांवर पसरून वाळवावी. वरचा थर काही वर्षांनी विरेल, तेव्हा जुने टाके उसवण्याची गरज नाही. त्यावर नव्या सुती साडीचा थर ठेवून पुन्हा आरपार धावदोरा घालावा.