एआर चष्मा घेतला की वेल्डिंग रोबोटचं टीच पेंडंट सुटतं का?

नाही सुटत. एआर चष्मा खऱ्या दृश्यावर संगणकाचं चित्र दाखवतो; टीच पेंडंट म्हणजे रोबोटला पॉइंट शिकवायचा हातातला कंट्रोलर. नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या शेडमधल्या मिग (वायर वितळवून जोडायच्या) वेल्डिंगसाठी एआरवर मार्ग आखा, पोहोच आणि टक्कर तपासा. शेवटचे पॉइंट मात्र पेंडंटवरच पक्के करा.

कारण अचूकता. १.२ मिमी वायर सांध्यावर साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत बसावी लागते, आणि चष्म्यातलं चित्र काही मिलिमीटर सहज सरकतं. चित्राची जागा ठरवणारा, रोबोटच्या बेसजवळचा क्यूआर मार्कर १ अंशानं तिरका लागला, तरी १.५ मीटरवर टॉर्च २६ मिमी चुकते. म्हणून मार्कर कागदावर नको. ॲल्युमिनियम प्लेटवर, डॉवेल पिनांनी (जागा पक्की धरणाऱ्या पिनांनी) बसवा. त्याआधी टीसीपी (टॉर्चच्या टोकाचा, रोबोटला सांगायचा बिंदू) ४ पॉइंटांनी नीट काढा. मग टॉर्चचं टोक फिक्स्चरवरच्या (तुकडा धरणाऱ्या साच्यावरच्या) ३ दूरदूरच्या खुणांना टेकवून चित्राशी ताडा.

पहिली फेरी टी१ मोडमध्ये (हळू चाचणीच्या मोडमध्ये), २५० मिमी प्रति सेकंदाच्या आत, पेंडंटवरचा एनेबल स्विच (सोडला की रोबोट थांबतो) हातात धरूनच. त्याजागी चष्म्यातलं बटण कधीही वापरू नका, जिवाचा प्रश्न आहे. आर्क लावताना वेल्डिंग हेल्मेटच हवं.

होलोलेन्स २ या मायक्रोसॉफ्टच्या एआर चष्म्याचं उत्पादन २०२४ मध्ये थांबलं. सुरुवातीला टॅब्लेटही पुरतो. मे महिन्यात मात्र हे काम सकाळीच उरका: पारदर्शक पत्र्यांतून थेट ऊन आलं की ट्रॅकिंग सुटतं आणि उपकरण तापून बंद पडतं.