थोरल्याचा पार्क, धाकटीचं दूध

विचारा सिस्टरला

(साताऱ्यात मुलांच्या वॉर्डात उभी नोकरी काढलेल्या सिस्टर वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी साताऱ्यात शाहूपुरीला राहते. मला सहा वर्षांचा मुलगा आणि सात महिन्यांची मुलगी आहे. नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळे, म्हणजे सासू-सासरे, दीर-जाऊबाई, त्यांची दोन मुलं, खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं ठरवतोय. भाड्याची मोठी गाडी करायची, पहाटे निघायचं, रात्री परत. मुलगी अंगावर पिते, शिवाय दोन वेळा वरचं खाते. सासूबाई म्हणतात, एवढ्या तान्हीला गर्दीत नेऊ नका, आणि लेकराचा पहिला लांबचा प्रवास देवाला व्हावा. माझी आई म्हणते, तिला कोरेगावला माझ्याकडे ठेव. मिस्टर म्हणतात, बाळाचं काय, गाडीत झोपेल, पार्कात झोपेल. मुलाचं दिवाळीपासून एकच चाललंय, ‘मम्मी, मोठ्या पाळण्यात तू माझ्याशेजारी बसायचं.’ मी काय, बाहेर बाळाला घेऊन बसेन, माझं काही नाही. पण तिला न्यावं की ठेवावं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अगं, ने तिला. मात्र पहाटे जाऊन रात्री परत हे जमायचं नाही, आणि ‘मी काय, बाहेर बसेन’ हे तर मुळीच नाही. तुला अगंतुगं करते, रागावू नकोस. वॉर्डात सगळ्या आयांशी मी अशीच बोलायचे.

आईकडे ठेवायला तशी हरकत नाही. पण अंगावर पिणारं पोर दिवसभर सोडलंस तर दुपारपर्यंत तुझीच छाती भरून ठणकायला लागेल, आणि मग बाथरूममध्ये उभं राहून दूध पिळून टाकत बसशील. तिलाही आता आपलं माणूस आणि परकं माणूस कळायला लागलंय. शिवाय खरं सांगू का, फिरायला न्यायला सात महिन्यांसारखं वय नाही. आधाराने बसते, टकामका बघते आणि जिथे ठेवाल तिथेच असते. आणखी दोन महिने थांबलात तर ती रांगायला लागेल, जमिनीवरचं मिळेल ते तोंडात घालेल, आणि मग तुमच्यातल्या एकाला तिच्या मागे दिवसभर ओणवंच फिरावं लागेल.

सासूबाईंचं गर्दीचं म्हणणं मात्र वाऱ्यावर सोडू नकोस. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते, म्हणजे गोवरापुरती तुझी लेक अजून उघडी आहे. डिसेंबर-जानेवारी हा शाळांच्या सहलींचा हंगाम. बसच्या बस भरून शिंकणारी, खोकणारी मुलं येतात. म्हणून नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा सोडून द्या. सुट्टी संपल्यावर थोरल्याची शाळा दोन दिवस बुडाली तर पहिलीच्या पोराचं आभाळ कोसळत नाही. आठवड्यातला मधला वार धरा, मंगळवार-बुधवार. रांगा कमी, ऊन तेवढंच, पण माणूस थकत नाही.

आता प्रवास. साताऱ्याहून खोपोली साधारण दोनशे किलोमीटर. खंबाटकीचा बोगदा, खेड शिवापूरचा टोल, पुण्याचा बायपास आणि मग एक्स्प्रेस वे. लेकराला घेऊन थांबत-थांबत जायचं तर पाच तास धर. एका दिवसात जाऊन-येऊन हे दुप्पट होतं, आणि त्यात पार्क वेगळा. मोठ्यांच्याही कंबरेचे टाके ढिले होतात, बाळाचं काय सांगू! म्हणून आदल्या दिवशी दुपारी जेवून, तिला खायला घालून निघा आणि मुक्काम खोपोलीच्या आसपास करा. यात सासूबाईंचंही साधतं. अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक खोपोलीजवळच आहे. संध्याकाळी दर्शन घ्या, म्हणजे पहिला प्रवास देवाला झाला. दुसऱ्या दिवशी पार्क. सासूबाईंना हे तू सांगू नकोस, मिस्टरांना सांगायला लाव. मुलाने सांगितलं की पटकन पटतं, हा माझा सगळ्या सासवांच्या बाबतीतला अनुभव आहे आणि आता मीही सासू आहे.

गाडी भाड्याची असली तरी बाळाची खुर्ची हवी. कुणाची मागून आणा. २०१९ला मोटार वाहन कायदा सुधारला, तेव्हापासून १४ वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा बाळाची खुर्ची सक्तीची आहे, नाहीतर हजार रुपये दंड. पण दंड सोड. गचकन ब्रेक लागला तर मांडीवरचं लेकरू कुणाच्याही हातात राहत नाही, पैलवानाच्याही नाही. खुर्ची मागच्या सीटवर, आणि बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. पुढे एअरबॅग असते तिथे बाळ घेऊन कुणी बसायचं नाही, आजोबांनी कितीही हट्ट केला तरी. दर दोन तासांनी गाडी थांबवून तिला खुर्चीतून बाहेर काढा, पाठ मोकळी करू दे, तिथेच पाजून घे. चालत्या गाडीत पाजायला काढायचं नाही. लोणावळ्यानंतर घाट उतरताना कान दडपतात आणि लहान मुलं किंचाळतात. गिळलं की कान मोकळे होतात, म्हणून त्या वेळेला तिच्या हातात दात शिवशिवतात तेव्हाचं स्वच्छ धुतलेलं रबरी खेळणं दे. चोखेल, लाळ गिळेल.

आपल्याकडची माणसं चुकतात ती कपड्यांत. साताऱ्यात डिसेंबरात हुडहुडी भरते, तेव्हा लेकराला स्वेटर, कानटोपी, मोजे, वर शाल. ठीक. पण घाट उतरला की तुम्ही कोकणात आलात. तिथे डिसेंबरातही दुपारी दमट उकाडा असतो, आणि पोर त्याच शालीत शिजत असतं. थंडी-उकाडा कसा ओळखायचा ते नीट बघ. हातपाय बघायचे नाहीत, लहान मुलांचे हातपाय गारच लागतात. तिच्या मानेमागे, झबल्याच्या आत दोन बोटं सरकव. तिथे ओलं, चिकट लागलं की एक कपडा कमी कर. तिथेही गार लागलं तरच वाढव. बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून आया ओढणी टाकतात, अगदी चारी बाजूंनी खोचून. ती काढ. ओढणीखाली वारा फिरत नाही, आतली हवा बाहेरच्यापेक्षा तापते, आणि बाळ लाल झालेलं तुला वरून दिसतही नाही. गाडीचं छप्पर पुढे ओढ, सावलीत उभी कर. झोळीत छातीशी बांधलंस तर तिचं नाक-तोंड तुला वाकून न बघता दिसलं पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकलेली नको.

खाण्याचं सोपं ठेव. खिमट घरून शिजवून डब्यात नेऊ नकोस, दमट हवेत दुपारपर्यंत आंबेल. केळं ने. साल काढ, कुस्कर, भरव. देवाने लेकुरवाळ्या बाईसाठीच ते सालीत बांधून दिलंय. दुपारी हॉटेलात बिनमिठाचा गरम वरणभात मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. अशा पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण तान्ह्या मुलांच्या खाण्याला बहुधा अडवत नाहीत. तिकीट काढतानाच फोनवर विचारून घे, आणि त्याच फोनमध्ये दूध पाजायची खोली कुठे आहे तेही विचार. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष आहेत. ज्या मुलखात हिरकणी कडा उतरली, त्याच रायगड जिल्ह्यात तू चाललीस. खोली विचारायला लाजू नकोस.

दिवसभर तिचं लंगोट बघत राहा. सहा तास लघवी नाही, टाळू खोल गेलेली, रडते पण डोळ्यांत पाणी नाही, यातलं काही दिसलं की पार्क तिथेच सोडायचा आणि डॉक्टर गाठायचा. निघायच्या आदल्या दिवशी ताप असला, १००.४च्या वर, किंवा जुलाब असले, तर तिचं जाणं रद्द. तिकिटाचे पैसे गेले तर गेले.

आता आत गेल्यावर. बाळाला कुठल्याही गचके देणाऱ्या राइडमध्ये न्यायचं नाही. या वयात डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड असतं, मानेचे स्नायू कच्चे असतात, झटका सोसत नाही. मांडीवरचं बाळ चालेल असं पाटीवर लिहिलेलं असेल तेवढ्याच संथ राइडला बसा. ऑपरेटरने डोळेझाक केली म्हणून आपण करायची नाही. बर्फाचं दालन नको, तिथे तापमान शून्याच्या खाली असतं. वॉटर पार्कही या वेळेला नको, भिजलं की इतक्या लहान लेकराचं अंग फार पटकन गार पडतं. स्पीकरपासून, मिरवणुकीपासून लांब उभे राहा. कानात कापूस कोंबू नका, तो आत अडकतो. कानावर बसणारी बाळांची हेडफोनसारखी झाकणं मिळतात, ती आण.

आणि आता तुझ्या त्या वाक्याकडे येते. बाहेर तू का बसायचं? घरात बाळ सोडून सहा मोठी माणसं आहेत. मी किती तरी सहली पाहिल्या, त्यांत बाळाची आई दिवसभर बाकावर, पायाशी सगळ्यांच्या चपला, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, आणि संध्याकाळी फोटोत ती एकाही पाळण्यात नाही. तुझा थोरला सात महिने आईची वाट बघतोय गं. धाकटी आल्यापासून तो ‘थांब’ हाच शब्द ऐकतोय. तू पार्कात गेलीस आणि त्याच्याबरोबर बसली नाहीस, तर त्याच्या लेखी तू आलीच नाहीस.

म्हणून घरी असतानाच कागदावर पाळ्या लावा. तोंडी ठरलेलं गेटातून आत गेल्यावर कुणाला आठवत नाही. तिला पाजून झालं की पुढचे दीड-दोन तास तुझे आणि थोरल्याचे. तेव्हा बाळ मिस्टरांकडे. मिस्टरांकडे म्हणजे त्यांच्या कडेवर, सासूबाईंच्या मांडीवर नव्हे. सासूबाई सोबतीला बसतील, पण गुडघेदुखीच्या वयातल्या बाईने लंगोट बदलायला उठबस करायची नाही. दुपारी मिस्टर नि थोरला, बाळ तुझ्याकडे. मधे एक पाळी दीर-जाऊबाईंची, तेव्हा तुम्ही नवरा-बायको जोडीने एखाद्या राइडला जा. त्यातही गंमत आहे, विसरली असशील. डिस्नेच्या पार्कांत आई-बापांना एकाच रांगेत आळीपाळीने राइड घेता यावी अशी रीतसर सोय असते. आपल्याकडे गेटावर विचारून बघायला काय जातं? थोरल्याची उंचीही घरीच भिंतीला टेकवून मोजून घ्या. मोठ्या पाळण्यांना वय नाही, उंची लागते. पट्टीखाली दोन बोटं कमी भरला तर तिथे भोकाड पसरण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

चार वाजता सगळ्यांनी बाहेर पडायचं. ‘अजून एक राइड’ला भुलू नका. जमलं तर आणखी एक रात्र राहून सकाळी निघा.

प्रश्न : मी सांगलीला विश्रामबागेत राहतो, सेवानिवृत्त आहे. मुलगा-सून पुण्यात. नातू एप्रिलमध्ये चार महिन्यांचा होईल. तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून वॉटर पार्कला जायचा बेत केला आहे. मी नातवासाठी बाबागाडीही घेऊन ठेवली. सून म्हणते, उन्हातही पाणी पाजायचं नाही. हे कसं? आणि उन्हासाठी सनस्क्रीन कोणतं घ्यावं?
— एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, सूनबाई बरोबर आहेत. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, वैशाखातसुद्धा. त्या दुधात पाणी असतंच. वरून पाणी पाजलं की पोट पाण्याने भरतं, दूध कमी पितो आणि वजन अडतं. तहान लागली असं वाटलं तर आईने जास्त वेळा पाजायचं आणि आईला तुम्ही ताक-सरबत द्यायचं. ते काम आजोबांचं. आणि कौतुकाने मध चाटवू नका, वर्षाच्या आत मध नाहीच.

सनस्क्रीन सहा महिन्यांच्या आत सहसा लावत नाहीत. सावली, टोपी आणि अंगभर सुती कपडा, एवढंच. त्यामुळे एप्रिल आणि वॉटर पार्क हा बेतच मला पसंत नाही. एवढ्या लहान लेकराला त्या पाण्यात उतरवायचं नाही, मग उन्हात नेऊन काठावर बसवायचं कशाला? तुम्हाला पोहायची हौस असेल तर तुम्ही जा, ते तिघं घरी राहू द्यात. सगळ्यांनी मिळून जायचं तर पुढच्या हिवाळ्यात जा, तोवर नातू वर्षाचा होईल.

गाडी घेतलीच आहे तर ते सांगलीला आले की ऊन उतरल्यावर आमराईत न्या. फक्त पाठ सपाट होते का ते दुकानात जाऊन आताच बघून या. चार महिन्यांचं बाळ आडवं झोपवावं लागतं. होत नसेल तर पावती घेऊन बदलून आणा.