संगमरवरी फळीला गोल भोक असलेलं जुनं टेबल: हे नक्की काय आहे?

तुमचा प्रश्न असा: कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या जुन्या घराच्या माळ्यावरून एक टेबल खाली काढलं. उंची ३० इंच, वर २ फूट बाय दीड फुटाची संगमरवरी फळी, तिच्या मधोमध १२ इंचांचं आरपार भोक, शेजारी दोन उथळ वाट्यांसारखे खळगे, मागे टाइल्स लावलेली उभी पाठ, खाली एक खण आणि त्याच्याही खाली फळी. घरचे म्हणतात घडवंची, जुनं सामान घेणारा म्हणतो पूजेचं टेबल. मग खरं काय?

हा वॉशस्टँड आहे, म्हणजे नळ घरात यायच्या आधीचं तोंड धुवायचं टेबल. भोकात चिनी मातीचं किंवा तामचिनीचं मोठं भांडं बसायचं, पाण्याचा जग खालच्या फळीवर. दोन खळग्यांपैकी एक साबणाचा, दुसरा पेल्याचा. मागची पाठ शिंतोड्यांनी भिंत खराब होऊ नये म्हणून. बाजूला दांडी किंवा दांडीची रिकामी भोकं दिसली तर ती टॉवेलची. ही साहेबी बंगल्यांची पद्धत, तिथून ती संस्थानी आणि वकील-डॉक्टरांच्या घरांत आली. नवा राजवाडा १८७७ ते १८८४ मध्ये मेजर मँट यांच्या आराखड्यावर बांधला गेला, त्या काळापासून कोल्हापुरात असलं सामान परकं राहिलं नव्हतं.

घडवंची का नाही? घडवंचीवर भरलेले हंडे-घागरी राहतात, म्हणून ती बुटकी आणि जाड पायांची असते. तिला खण कशाला लागेल? संगमरवरी फळीवर रोज भरलेला हंडा आदळणं कुणालाच परवडलं नसतं. भोक असलेली तिसरी वस्तू म्हणजे कमोडची खुर्ची. तिची उंची बसण्याइतकी, १६ ते १८ इंच, आणि वर बिजागरीचं झाकण. तुमचं टेबल ३० इंच आहे, म्हणजे उभ्याने वापरायचं. उंची हीच इथे सगळ्यात भरवशाची खूण.

आता भोकाची कड बोटाने चाचपा. मूळची असेल तर वरची धार गोलसर घासलेली आणि बाकीच्या फळीइतकीच जुनकट दिसेल. कड धारदार, पांढरी शुभ्र असेल, किंवा खणाच्या तळाला पाइपासाठी नंतर पाडलेलं भोक दिसलं, तर मधल्या काळात कुणीतरी त्याचं नळाचं बेसिन केलं होतं.

वय ठरवायचं तर वरून बघू नका. खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. कोपऱ्यातले डव्हटेल सांधे (दोन फळ्यांचे दात एकमेकांत अडकवलेले) हाताने कापलेले असतील तर दात एकसारखे नसतात आणि टोकदार हत्याराने आखलेली बारीक रेघ अजून दिसते. तळाला प्लायवूड असेल तर वस्तू विसाव्या शतकातली, किंवा तळ नंतर बदललेला. एखादा स्क्रू सैल असेल तर फिरवून काढा: बोथट टोकाचा असेल तर १८५० च्या आसपासचा किंवा आधीचा, अणकुचीदार असेल तर त्यानंतरचा. अधिकच्या खुणेची खाच असलेला स्क्रू म्हणजे नंतरची दुरुस्ती. एकाच स्क्रूवरून मात्र निकाल देऊ नका, सुतार जुने स्क्रू पुन्हा वापरतात. पाठीची एखादी टाइल सुटलेली असेल तर तिची मागची बाजू वाचा. उठावाच्या रंगीत नक्षीची आणि मागे जपानचा शिक्का असलेली टाइल साधारण १९१० ते १९४० मधली असते. टाइल पाठीबरोबरच बसवलेली असेल तर टेबलही त्याआधीचं नाही. घट्ट बसलेली टाइल उचकटू नका, फुटेल.

लाकूड ओळखायला खणाची आतली, पॉलिश न लागलेली बाजू बघा. सागवानाच्या रेषा उठून दिसतात आणि हात जरासा तेलकट लागतो. शिसवी जड असतं, त्यात काळ्या-जांभळ्या पट्ट्या असतात. बाहेरून काळपट रंग दिलेलं सागवान शिसवी म्हणून सर्रास खपवलं जातं, म्हणून आतूनच बघायचं. पायांचा खालचा भाग एका सरळ रेषेपर्यंत काळा पडलेला दिसला तर तेही वय नाही. तुमच्या भागात २०१९ चं आणि २०२१ चं पुराचं पाणी आलं होतं. मधल्या काळात टेबल खालीच असेल तर ती पाण्याची रेघ.

आता कळकळीची विनंती: हे सगळं बघून, फोटो काढून होईपर्यंत टिंबर मार्केटमध्ये पॉलिशला नेऊ नका. घासकागद एकदा फिरला की आखणीच्या रेघा, जुना रंग, झिजेच्या जागा सगळं जातं आणि परत येत नाही. आधी मागच्या पायावर, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस टेकवा. चिकट होऊन तपकिरी रंग उतरला तर ते जुनं लाखेचं पॉलिश आहे. जाणकार हात ते न खरवडता त्यावरच नवा हात मारून उजळवू शकतो. काहीच उतरलं नाही तर नंतरचं व्हार्निश किंवा मेलामाइन आहे.

संगमरवरी फळी बहुधा नुसती ठेवलेली असते, चिकटवलेली नाही. टेबल हलवण्याआधी ती उतरवा. वजन १० ते १२ किलो भरेल, दोघांनी धरा आणि काचेसारखी उभीच न्या. आडवी उचलली की भोकापुढच्या जेमतेम ३ इंचांच्या पट्टीवर ताण येतो आणि तडा नेमका तिथेच जातो. धुवायला कोमट पाणी आणि साधा साबण. चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा तांब्या-पितळेची पावडर अजिबात नको. आंबटाने संगमरवर खाल्ला जातो, चकाकी जाते आणि पांढरे डाग राहतात.

खण आत्ता पावसाळ्यात अडकत असेल तर त्याला रंधा लावू नका. लाकूड दमट हवेने फुगलेलं आहे. आत्ता तासलं तर उन्हाळ्यात खण खुळखुळेल. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बघा. तेव्हाही अडला तर खालच्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.