वाचक विचारतात: एवढ्या जुन्या विमानात बसायचं का?

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक ताई): माझा मुलगा ब्रिस्बेनला असतो. जानेवारीत आमच्या ह्यांचा सत्तरावा वाढदिवस आहे आणि त्याने ठरवलंय की बाबांना टायगर मॉथ नावाच्या जुन्या, उघड्या विमानातून फिरवून आणायचं, वर जाऊन कोलांट्या वगैरे पण मारतात म्हणे. हे तर एका पायावर तयार! मी शोधलं तर तिकडेच 2013 मध्ये असलंच विमान पंख मोडून समुद्रात पडल्याचं वाचलं, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. इतकी जुनी विमानं उडू देतातच कशी? कधी ना कधी मोडणारच ना?

उत्तर: ताई, तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण "जुनं होतं म्हणून मोडलं" हा जो अर्थ आपण सगळे पटकन काढतो ना, तो इथे लागू होत नाही. त्या विमानातला जो भाग तुटला तो जुना नव्हता. नंतर बनवलेला, नंतर बसवलेला पार्ट होता. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगतो.

आधी हे विमान काय आहे ते बघू. डी हॅविलंड कंपनीचं टायगर मॉथ पहिल्यांदा उडालं 26 ऑक्टोबर 1931 ला, इंग्लंडमध्ये. दोन मजली पंख, एकामागे एक दोन उघड्या सीट, पुढे 130 हॉर्सपॉवरचं जिप्सी मेजर इंजिन. बॉडी पोलादी नळ्यांची, पंख लाकडाचे, आणि वरून कापड ताणून त्याला डोप नावाचं वार्निशसारखं द्रव्य फासायचं की ते ढोलकीच्या पुडीसारखं टणक होतं. वरचा पंख थोडा पुढे सरकवून टोकं मागे वळवलेली, कशासाठी तर पुढच्या सीटवरच्या माणसाला पॅराशूट घेऊन उडी मारायची वेळ आली तर पंख आडवा येऊ नये. म्हणजे हे मूळचं ट्रेनिंगचं विमान, पोरं चुका करणार हे धरूनच बनवलेलं. आठ हजारांहून जास्त बनली, त्यातली हजारावर ऑस्ट्रेलियातच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि कॉमनवेल्थचे कितीतरी पायलट पहिले धडे ह्यावरच शिकले.

युद्ध संपलं आणि ही विमानं स्वस्तात विकली गेली. मग प्रत्येकाचं नशीब वेगळं. कुठलं फ्लाइंग क्लबात गेलं, कुठलं ग्लायडर ओढायला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर पुढची सीट काढून तिथे टाकी बसवली आणि डोंगरावरच्या कुरणांवर सुपरफॉस्फेट टाकायला जुंपलं, दिवसभर वर चढ, खाली ये, परत भर. आता मला सांगा, अशा विमानाचं वय नेमकं कसं मोजायचं? कापड किती वेळा बदललं, इंजिन किती वेळा उघडलं, पंख दुसऱ्याच विमानाचे लागलेत का... आजीच्या गोधडीसारखं असतं हे, ती पन्नास वर्षांची म्हणायची पण वरचं लुगडं परवाचं असतं. त्यामुळे "ऐंशी वर्षांचं विमान" हे ऐकायला भारी वाटतं, पण मेकॅनिकला त्यातून काहीच कळत नाही. तो विचारतो कुठला पार्ट, किती तास झाले, कुणी बनवला.

आता तो अपघात. 16 डिसेंबर 2013, क्वीन्सलंडमधलं पिंपामा, गोल्ड कोस्टच्या वरच्या अंगाला. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास पायलट आणि एक प्रवासी असं टायगर मॉथ निघालं, रजिस्ट्रेशन व्हीएच-टीएसजी, पैसे घेऊन करायची जॉयराइड, अगदी तुमचा मुलगा म्हणतोय तीच. साधारण 12 वाजून 24 मिनिटांनी एरोबॅटिक्स, म्हणजे त्या कोलांट्या, सुरू होऊन जेमतेम एक मिनिट झालं असेल, तर डावीकडचे पंख गेले. विमान सरळ खाली आलं, साउथ स्ट्रॅडब्रोक बेटाच्या किनाऱ्यापासून साधारण 300 मीटरवर पाण्यात. दोघंही गेले.

तपास ऑस्ट्रेलियन ट्रान्सपोर्ट सेफ्टी ब्युरोने केला. टायगर मॉथच्या बॉडीत खालच्या बाजूला दोन आडव्या पोलादी सळया असतात, एक पुढे एक मागे, त्यांना टाय रॉड म्हणतात. हवेत असताना पंख वर उचलले जातात, ती ओढ पंखांमधल्या ताणलेल्या तारांमधून खाली बॉडीपाशी येते, डावीकडची ओढ डावीकडे खेचते, उजवीकडची उजवीकडे, आणि मधे ह्या दोघांना एकमेकांशी बांधून ठेवणारं काय तर ह्या दोन सळया. बस. सरळ उडताना त्यांच्यावर फार ताण नसतो पण कोलांटीत विमान वर खेचलं की वजन जणू दुप्पट तिप्पट होतं आणि तो सगळा ताण तिथे येतो.

तर ह्या दोन्ही सळया तुटलेल्या निघाल्या, दोन्ही डाव्या पंखाच्या जोडापाशी, दोन्ही आट्यांच्या जागी. आणि तुटल्या त्या दिवशी असल्या तरी चिरा आधीच्या होत्या, चांगल्याच खोल गेलेल्या. ह्याला मेटल फटीग म्हणतात. ज्यांनी जुनी गिअरवाली स्कूटर चालवलीय त्यांना समजावून सांगायला नको, क्लचची वायर कधी एका झटक्यात तुटत नाही, आतली एकेक तार सुटत जाते, आपल्याला लिव्हर तसाच लागतो, आणि मग एक दिवस भर चौकात सिग्नलला हातात नुसता लिव्हर. माझं दोनदा झालंय. फरक इतकाच की तिथे ढकलत घरी जाता येतं.

आट्यांपाशीच का? कारण प्रत्येक आटा म्हणजे सळईला पाडलेली खाच, आणि ताण नेहमी खाचेत गोळा होतो. शिवाय ती जागा नट आणि जोडाच्या आत लपलेली, त्यामुळे वरवर बघून चीर दिसण्याचा प्रश्नच नाही. म्हणून अशा पार्टला आयुष्य ठरवून दिलेलं असतं, चांगला दिसो की वाईट, मुदत संपली की काढून टाकायचा. टायगर मॉथच्या टाय रॉडला ती मुदत आहे 2,000 उड्डाण तास किंवा 18 वर्षं.

आणि इथे खरी मेख आहे. त्या पडलेल्या टीएसजी विमानाच्या सळया ह्या मुदतीच्या खूपच आधी तुटल्या.

त्या मूळ कंपनीच्या नव्हत्या. पण आपण बाजारात "डुप्लिकेट" म्हणतो तसला चोरीछुपे प्रकारही नव्हता हे नीट लक्षात घ्या, त्या ऑस्ट्रेलियाच्या एका अधिकृत योजनेखाली रीतसर मंजुरी घेऊन दुसऱ्या उत्पादकाने बनवलेल्या होत्या, आणि मंजुरीत लिहिल्याप्रमाणेच बनवलेल्या होत्या. म्हणजे कागद पूर्ण, शिक्का पूर्ण. बसवणाऱ्याने तरी शंका का घ्यावी? मग चुकलं कुठे, तर मंजुरीत. तपासात निघालं की सिव्हिल एव्हिएशन सेफ्टी ऑथॉरिटीने, म्हणजे तिथल्या विमान सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ह्या योजनेत असे हजाराहून जास्त पार्ट मंजूर केले होते ज्यांचा वापराचा इतिहास, आयुष्यमर्यादा असल्या गोष्टी विचारातच घेतल्या नव्हत्या. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ ह्यात आहे. 2,000 तास हा आकडा मूळ सळईचा, नव्या सळईने तो उसना घेतला. दिसायला तीच, मापाला तीच, बसते पण तशीच, पण किती वर्षं टिकते हे मापात येत नाही ना! ते वापरूनच कळतं, नाहीतर मुद्दाम तपासून.

नंतर ऑस्ट्रेलियात त्या बनावटीचे रॉड विमानांतून काढून टाकायचा आदेश निघाला. त्यामुळे नेमकी तीच सळई आज तुमच्या ह्यांच्या विमानात असायचं कारण नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, पाठवायचं का. मी असतो तर गेलो असतो, पण साधी चक्कर. किनाऱ्यावरून वीस मिनिटं, तोंडावर वारा, खाली समुद्र, परत. कोलांट्या नकोत. एरोबॅटिक्सचं पॅकेज घेतलं की विमानाच्या प्रत्येक जुन्या-नव्या जोडावर ताण येतो आणि सत्तरीतल्या माणसाच्या मानेवर पण येतो, (बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, ते विमानाहून जास्त महत्त्वाचं!) आणि मुलाला सांगा की बुकिंगच्या फोनवर सरळ विचार, टाय रॉड कधी बदलले आणि कुठल्या बनावटीचे आहेत. चांगला ऑपरेटर असेल तर तो चिडणार नाही, उलट खूश होऊन अर्धा तास बोलेल. "त्याची काळजी करू नका हो" असं कुणी म्हणालं तर दुसरीकडे बघा.

प्रश्न (नाशिकहून): जेआरडी टाटांनी कराचीहून मुंबईला डाक आणली ती टायगर मॉथमधूनच ना? आपल्याकडे ही विमानं होती का?

उत्तर: नाही, ही गल्लत बरेच जण करतात. 15 ऑक्टोबर 1932 ला जुहूला उतरलं ते पस मॉथ, त्याच कंपनीचं भावंड पण बंद केबिनचं आणि एकच पंख असलेलं. 1982 मध्ये पन्नास वर्षं झाली म्हणून जेआरडींनी वयाच्या 78 व्या वर्षी तीच फेरी पुन्हा केली ती लेपर्ड मॉथमधून, म्हणजे तिसरं भावंड. टायगर मॉथ आपल्याकडे होती की, भरपूर होती. युद्धाच्या काळात हैदराबादच्या बेगमपेटला आणि जोधपूरला ह्यावर वैमानिक शिकायचे, स्वातंत्र्यानंतरही हवाई दलात चालली, मग हिंदुस्तान एअरक्राफ्टचं एचटी-2 हे ट्रेनिंगचं विमान आलं. हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटकडे, म्हणजे जुनी विमानं सांभाळणाऱ्या तुकडीकडे, दुरुस्त करून उडतं केलेलं एक टायगर मॉथ आहे, 2012 च्या एअर फोर्स डेला ते उडालं होतं.

प्रश्न (ह्याच नाशिककरांचा): टायगर मॉथला ब्रेक नसतात हे खरं का?

उत्तर: मूळ मॉडेलला खरंच नाहीत. स्टार्टर पण नाही, एक जण पुढे उभा राहून हाताने पंखा फिरवतो. शेपटीखाली चाकाऐवजी लोखंडी पट्टी असते, ती गवतात घासत जाते आणि तोच ब्रेक. कॅनडात बनवलेल्यांना मात्र ब्रेक पण होते, शेपटीला चाक पण होतं आणि वरून झाकण पण होतं, तिथल्या थंडीत उघड्यावर बसणार कोण!