खापरावरचे सर्वांत चांगले मांडे कुठे मिळतील? बेळगावचे मांडे म्हणजे तेच का?

मे महिन्यात तीन दिवस धुळे-जळगावकडे जाताय आणि पुरणाचे मांडे खायचेच असं ठरवलंय, हे वाचून मी खरं तर पुढे गेले असते. शेवटी बेळगावचं नाव काढलंत, म्हणून बसले लिहायला.

तेच नाहीत. लांबचे नातेवाईकसुद्धा नाहीत.

मी खानदेशातल्या अमळनेरकडची. लग्न होऊन पुण्यात आले. आमच्या वन्सं बेळगावला दिलेल्या. दर दिवाळीला त्या डबा घेऊन येतात. त्यांचे मांडे पापडासारखे पातळ आणि कुरकुरीत, आत पिठीसाखर, खसखस, वेलची, गरम असतानाच घडी घातलेले. कुस्करायचे, वर दूध-तूप घालायचं आणि खायचं. चांगले लागतात, नाही कोण म्हणतंय! पण डबा उघडताना "हे खरे मांडे गं, तुमच्याकडे ती मोठी पुरणपोळी करतात ना," हे वाक्य ठरलेलं. आणि आमचे हे शेजारी बसून मान डोलावणार. पुण्याच्या माणसाला पुरण दिसलं की संपलं, ती पुरणपोळीच.

पाचेक वर्षांपूर्वी मी म्हटलं, चला, सगळेच चला, दाखवते. आखाजीच्या, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी गाडी काढली. मी, हे, वन्सं आणि त्यांचे यजमान. मावशीकडे आखाजीला मांडे होणारच होते. पण मला सोस केवढा! वाटेत आणखी दोनचार ठिकाणचे खाऊ घालायचे, म्हणजे पुन्हा विषय निघायला नको.

धुळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर हातभर अक्षरांत पाटी, 'खापरावरची पुरणपोळी'. वन्सं काही बोलल्या नाहीत, नुसतं पाटीकडे बोट केलं. आत खापर, म्हणजे मांडे भाजायचं मातीचं भांडं, होतं, अगदी दर्शनी, उपडं मांडलेलं आणि त्याला चक्क हार घातलेला. खालची चूल थंडगार. मांडे सकाळीच करून प्लॅस्टिकमध्ये रचलेले, मागाल तसे गॅसवर लोखंडी तव्यावर गरम करून देत होते. चिवट, घडीच्या रेषेवर चिरलेला, आणि काठाला चार बोटं पुरणाचा पत्ता नाही. वन्संनी अर्धा ठेवला.

एरंडोलला ओळखीच्या एक बाई छान करतात म्हणून गेलो, तर त्यांचं खापर आदल्याच दिवशी तडकलेलं. जळगावच्या हॉटेलात शेवभाजी झकास मिळाली. मांड्यांचं विचारलं तर वेटर म्हणाला, सीझनला ऑर्डर असली तर होतात.

"सीझन म्हणजे कधी?"

"आखाजीला."

"अहो, उद्या आखाजी आहे."

"मग उद्या बाया माहेरी."

यावर हे गाडीत म्हणाले, "मनातले मांडे खाऊन झाले असतील तर झोपायला कुठे जायचंय ते सांग." त्या रात्री मी कोणाशी बोलले नाही.

सकाळी मावशीकडे पोचलो तेव्हा अंगणात चूल पेटलेली होती. दळण आधीच झालेलं. गहू ओलवून दळायचे आणि पीठ वस्त्रगाळ करून घ्यायचं. मग पाणी आणि तेल लावत तिंबत राहायचं. नेहमीची कणीक नव्हे ती, उचलली की लोंबली पाहिजे. दोन पुऱ्या, मध्ये मूठभर पुरण, कडा दाबून बंद. पोळपाटावर ताटलीएवढं झालं की लाटण्याचं काम संपलं. मावशी तो दोन्ही पंजांच्या पाठीवर घेते आणि या हातावरून त्या हातावर झुलवत राहते. मनगटावरून उतरत कोपरापर्यंत येतो आणि स्वतःच्याच वजनाने वाढत जातो. बोटाचं टोक लागलं की भोक. मग एका झोक्यात उपड्या खापरावर, खाली पऱ्हाट्यांचा जाळ. (कापूस वेचून झाला की उरतात त्या काटक्या. भसकन पेटतात, आणि मांड्याला तसाच जाळ लागतो.) बघताबघता फुगे येतात, तांबूस ठिपके पडतात. नुसत्या हाताने उलटायचा, उतरवायचा, चौघडी घालायची.

वन्सं चुलीपासून चार हात लांब पदराने वारा घेत बसल्या होत्या. पहिला मांडा उतरला तेव्हा म्हणाल्या, "पुरणपोळी बाकी मोठी होते हो तुमची."

मावशीने मानही वर केली नाही. "पुरनपोई नही बहीण, मांडा शे."

मला तेवढ्यासाठी सगळा प्रवास वसूल वाटला.

ताटात मांडा, त्यावर तूप, वाटीत आमरस, शेजारी पुरणाच्या कटाची झणझणीत रशी आणि कुरडई. एका मांड्यात भलाभला माणूस आडवा होतो, वन्संनी दोन खाल्ले. तिथेच थांबायला हवं होतं मी. पण जिंकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. मी मुक्ताईची गोष्ट काढली. विसोबाने आळंदीच्या कुंभारांना खापर देऊ दिलं नाही, मग ज्ञानेश्वरांनी पाठ तापवली आणि तिने त्या पाठीवर मांडे भाजले. म्हणजे मांडे म्हटले की खापर आलंच, आणि ती मुक्ताई इथेच तापीकाठी आमच्या मुलखात गुप्त झाली!

वन्सं शांतपणे म्हणाल्या, "त्या गोष्टीत पुरण कुठे आहे गं?"

नाहीये. मी आजवर शोधतेय.

वर त्यांच्या यजमानांनी भर घातली की बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मंडक, म्हणजे मांडा, आहे, आणि तो लिहिणारा चालुक्य राजा सोमेश्वर कल्याणीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणचा. असेल. राजाने जेवणाबद्दल लिहिलं. चुलीपुढे कोण बसलं होतं आणि ती कुठली होती, हे कुठे लिहिलंय?

तर तुमच्या प्रश्नाचं. हॉटेल शोधू नका. तारीख आखाजीच्या आसपास नेता आली तर न्या, ती कधी एप्रिलमध्ये येते, कधी मेमध्ये. अमळनेर, पारोळा, धरणगाव या पट्ट्यात कोणी ओळखीचं काढा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा, कारण सकाळी फोन करून दुपारी मांडे होत नसतात. आखाजीच्या ऐन दिवशी मात्र कोणाच्या घरी पाहुणे म्हणूनच जा, विकत कोणी देणार नाही. ओळखच नसेल तर बचत गटांच्या स्टॉलवर बघा. मुंबईत वांद्र्याला बचत गटांचं 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शन भरतं, तिथे आपल्याकडच्या बाया समोर खापर मांडून करतात. रांग लांब असते, उभे राहा. चूल थंड दिसली तर निघा. काठापर्यंत पुरण गेलंय का ते उजेडात धरून बघा. आणि ते साखरेचं पुरण, वर आइस्क्रीमचा गोळा असलं काही दिसलं तर मला कळवू नका.

यावल-रावेरकडे लग्नाचं आमंत्रण मिळालं तर जरूर जा, पण मांड्यांच्या आशेने नको. तिकडे पंगतीत वरणबट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. तीही सोडू नका.

आता हेही सांगून टाकते, नाहीतर वन्सं वाचतील आणि खाली लिहितील. मला स्वतःला मांडे येत नाहीत. माझा मनगटाच्या पुढे जात नाही, फाटतो. पुण्यात मी पुरणपोळीच करते. आणि बेळगावला जाऊन तिथला गरम मांडा मी कधी खाल्लेला नाही, डब्यातलाच खाल्लाय, तेव्हा त्या बाबतीत माझं मत जरा बेताने घ्या. वन्सं दर वर्षी बोलावतात. या दिवाळीनंतर बघू.

तुम्हाला तिथे कोणी दोन मांडे पिशवीत बांधून देतो म्हणालं तर घेऊ नका. वाफ धरते, पुण्यापर्यंत लगदा होतो. एवढ्या एका बाबतीत वन्संचं बरोबर आहे, त्यांचा डब्यात टिकतो.