डायलिसिसवर असताना मन खचले तर

प्रश्न : माझे यजमान ५६ वर्षांचे असून दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा त्यांचे डायलिसिस होते. पूर्वी ते ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये नोकरीला होते. अलीकडे त्यांनी तलावपाळीवर मित्रांना भेटायला जाणे सोडले आहे, घरातही कोणाशी बोलत नाहीत आणि ‘मी तुमच्यावर ओझे झालो’ असे सारखे म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञांचे नाव काढले की चिडतात. घरच्या घरी, एखाद्या पुस्तकाच्या आधाराने करता येईल असा काही उपचार आहे का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : आपल्या यजमानांसारखी अवस्था अनेक डायलिसिस रुग्णांची होते. तज्ज्ञांनी प्रत्यक्ष मुलाखती घेऊन केलेल्या पाहण्यांत साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाला नैराश्य असल्याचे आढळले आहे. घरी करण्याजोगा उपचार आहे आणि त्याचा उपयोगही होतो. मात्र तो सर्वसामान्य वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकातून जसाच्या तसा उचलू नये, डायलिसिसचे वार आणि पथ्य धरूनच तो बेतावा. ‘भरपूर पाणी प्या, नारळपाणी घ्या, केळी खा’ हा अशा पुस्तकांतला नेहमीचा सल्ला मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो, कारण त्याच्या शरीरात पाणी आणि पोटॅशियम दोन्ही साठून राहतात.

आधी एक गोष्ट तपासून घ्या. थकवा, भूक मंदावणे आणि झोप न लागणे ही लक्षणे नैराश्यात दिसतात, तशीच ती हिमोग्लोबिन कमी झाल्यामुळे किंवा डायलिसिस पुरेसे होत नसल्यामुळेही दिसतात. अंगाला खाज सुटते का, रात्री पाय अस्वस्थ होतात का, हेही मूत्रपिंडतज्ज्ञांना सांगा. यावर उपचार आहेत आणि झोप सुधारली की मनालाही उभारी येते. आवडीच्या गोष्टींतला रस उडणे, स्वतःला दोषी किंवा निरुपयोगी समजणे, पुढे काहीच चांगले होणार नाही असे वाटणे या खुणा मात्र मनाच्या आहेत. त्या दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज दिसत असतील, तर नैराश्य धरून चालावे.

उपचाराची सुरुवात विचारांपासून न करता कृतीपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. खचलेला माणूस ‘बरे वाटले की जाईन’ असे म्हणत राहतो आणि न गेल्यामुळे अधिक खचतो. यजमानांना आठवडाभर एका वहीत दिवसातून तीन वेळा फक्त दोन गोष्टी लिहायला सांगा : त्या वेळी ते काय करत होते आणि मन कसे होते. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी गळून जायला होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थोडी हुशारी येते, असे अनेकांच्या वहीत दिसते. तसे दिसले तर नवी कृती त्या सकाळीच ठेवा आणि ती शक्य तितकी लहान करा. तलावपाळीवरचा पूर्ण फेरफटका आज नको. रिक्षाने जाऊन पंधरा मिनिटे मित्रांशेजारी बसणे पुरे. पुष्कळ रुग्ण मित्रांना टाळतात ते चहाला नाही म्हणण्याच्या संकोचामुळे. मित्रांना आधीच कल्पना द्या आणि अर्धा कप चहा दिवसाच्या पाण्याच्या हिशेबात धरा. ठरलेली गोष्ट मन नको म्हणत असतानाही करायची आणि नंतर कसे वाटले ते वहीत लिहायचे, एवढाच नियम.

दोन-तीन आठवड्यांनी विचारांकडे वळा. डायलिसिसच्या खुर्चीवरचे चार तास त्यासाठी वापरता येतात. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, बहुधा डाव्या हातात असतो, त्यामुळे उजव्या हाताने लिहिता येते. शेवटच्या तासात रक्तदाब उतरण्याची शक्यता असल्याने हे काम पहिल्या दोन तासांत उरकावे. ‘मी ओझे झालो’ हा विचार कागदावर उतरवून त्याखाली त्याच्या बाजूने आणि विरुद्ध बाजूने घडलेल्या गोष्टी लिहायच्या. वीजबिल कोण भरते, नातवाचे गणित कोण पाहते, हेही त्यात आले पाहिजे. काही काळज्या मात्र खऱ्याच असतात आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पैशांची काळजी असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडे चौकशी करा.

आपण त्यांच्या शिक्षिका होऊ नका. आठवड्यातून एकदा वही उघडून दहा मिनिटे सोबत बसा, ‘एवढेच केलेत?’ असे विचारू नका. कोणाच्या तरी मार्गदर्शनाने केलेला स्वयंउपचार एकट्याने केलेल्यापेक्षा टिकतो. ही जबाबदारी मुलगा किंवा मित्र उचलणार असेल तर फारच उत्तम, कारण आपणही दमलेल्या आहात.

सहा आठवड्यांत फरक न पडल्यास मानसतज्ज्ञांची मदत घ्याच. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था ठाण्यातच आहे. ‘आता डायलिसिसला जाणार नाही’ किंवा ‘जगून काय उपयोग’ असे उद्गार आले, तर सहा आठवडे थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, यजमानांना एकटे ठेवू नका आणि १४४१६ या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा विनाशुल्क असून चोवीस तास चालू असते.

प्रश्न : मी स्वतः डायलिसिसवर आहे. डॉक्टरांनी नैराश्याची गोळी दिली आहे, पण सवय लागेल अशी भीती वाटते. गोळीऐवजी नुसता स्वयंउपचार चालेल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नैराश्य सौम्य असेल तर अनेकदा चालतो, पण गोळी सुरू झाली असेल, तर ती स्वतःहून एकदम बंद करू नका. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही, मात्र अचानक थांबवल्यास चक्कर, बेचैनी असा त्रास होऊ शकतो. अमेरिकेत १२० डायलिसिस रुग्णांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांना सर्ट्रालिन हे औषध आणि निम्म्यांना खुर्चीवरच समुपदेशनाच्या बैठका देण्यात आल्या. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत सुधारणा दिसली. औषधाचा गुण थोडा अधिक आला, पण दुष्परिणामही त्याच गटात जास्त होते. त्यामुळे दोन्ही उपाय एकत्र करण्यास हरकत नाही. गुण यायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. मळमळ किंवा झोपेत बदल जाणवल्यास मानसोपचारतज्ज्ञांना कळवा, आणि आपल्या सर्व गोळ्यांची यादी त्यांना व मूत्रपिंडतज्ज्ञांना दोघांनाही दाखवा, कारण काही औषधांची मात्रा डायलिसिसवर बदलावी लागते. शेजारच्यांनी सुचवलेला काढा किंवा जडीबुटी डॉक्टरांना न विचारता मुळीच घेऊ नका.